ठेवलेल्या चुका

माणूस फुकट काम का करतो, या प्रश्नावर मी बारा वर्षं पगार घेतला. उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही. पगार मात्र थांबला, आणि तो का थांबला हे म्हैसूरच्या मराठी मंडळींत प्रत्येक जण आपापल्या परीने सांगत असतो. म्हणून म्हटलं, एकदा माझ्या परीने सांगावं.

इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे. मुलांचे प्रकल्प, पाहुण्यांशी वाद, लग्नाच्या वयाच्या मुलाचं गाव नेमकं कुठे आहे ते बघणं, अशा कामांना आपण सगळे तो वापरतो. तो लिहितं कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. तो कोणीही लिहितं. तुम्ही, मी, समोरच्या इमारतीतले निवृत्त काका. पैसे मिळत नाहीत. नावसुद्धा पानावर येत नाही, पानामागे 'इतिहास' नावाचा एक कप्पा असतो, त्यात पडून राहतं. कोणी कुठल्या दिवशी कुठला शब्द घातला आणि कुठला काढला, ते सगळं तिथे कायमचं नोंदलेलं असतं. तो कप्पा कोणी उघडत नाही, ही गोष्ट वेगळी.

अशी फुकट लिहिणारी माणसं शोधायची, त्यांना बसवायचं, शिकवायचं आणि मुख्य म्हणजे टिकवायचं, ही माझी नोकरी. एका संस्थेने मला 'समुदाय समन्वयक' असं पद दिलं होतं. माझ्या सासूबाई लोकांना सांगायच्या, की ती कॉम्प्युटर शिकवते. मी ते तसंच राहू दिलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून इथे आलो. इथे मराठी माणसं दोन तऱ्हेची. एक आमच्यासारखी, अलीकडे आलेली, पगारदार. दुसरी पिढ्यान् पिढ्या इथलीच, घरात मराठी बोलणारी, पण त्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. पहिल्यांना लिहायला बोलवा, ती म्हणतात वेळ नाही. दुसऱ्यांना बोलवा, ती म्हणतात आमचं मराठी शुद्ध नाही. दोघांच्या म्हणण्याचा अर्थ एकच, की आम्हाला सोडा.

मी सगळे उपाय करून पाहिले. मायबोलीच्या सेवेवर भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. प्रमाणपत्रं वाटली. नाश्ता ठेवला, तर केसरीबाथ संपला की माणसंही संपली. एका गृहस्थांनी तीन तास खाली मान घालून एक सुरेख पान लिहिलं. ते त्यांच्या स्वतःवर होतं. जन्म, शिक्षण, परदेश प्रवास, आणि 'स्वभाव' या मथळ्याखाली 'मनमिळाऊ'. मी ते पान काढून टाकलं. ते मनमिळाऊ गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

रस्ता दाखवला तो देसाईंनी. हे म्हैसूरजवळच्या हुणसूरला तंबाखूच्या व्यापारात होते, बायकोने आग्रह केला म्हणून कार्यशाळेला आले होते आणि भिंतीकडे बघत बसले होते. काहीतरी दाखवायचं म्हणून मी हुणसूरचं पान उघडलं. ते मीच लिहिलेलं. त्यात मी ठोकून दिलं होतं, की इथे तंबाखूची पानं उन्हात वाळवतात. देसाईंनी खुर्ची पुढे ओढली. हे कोणी लिहिलं, असं विचारलं, उत्तराची वाट पाहिली नाही. उन्हात वाळवलेली तंबाखू वेगळी, आमच्याकडची बंद खोलीत, बाहेरून लाकडाची आच देऊन वाळवतात, आच एक दिवस चुकली तर वर्षाचं पीक गेलं, असं पंधरा मिनिटं मला झापलं. मी म्हटलं, मग बदला. त्यांनी बदललं. पुढच्या रविवारी ते हुणसूरहून बसने पुन्हा आले, कारण त्या ओळीच्या खालची ओळही त्यांना पटली नव्हती. असे ते वर्षभर येत राहिले. आज मराठीत तंबाखूच्या पिकावर जे काही धड वाचायला मिळतं, ते देसाईंचं आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिहा म्हटलं की माणूस लाजतो. चूक दिसली की त्याला राहवत नाही. विशेषतः आपल्या गावाची, आपल्या धंद्याची चूक. मग मी ठरवून चुका ठेवायला लागले.

हे वाचताना या क्षेत्रातली माणसं डोक्याला हात लावतील याची मला कल्पना आहे. ज्ञानकोशात जाणूनबुजून खोटं लिहिणं यापेक्षा मोठा गुन्हा आमच्याकडे नाही. पण मी स्वतःची समजूत घातली होती, नियम केले होते. चूक छोटी ठेवायची. कार्यशाळेला कोण येणार ते आधी बघून त्याच्या विषयातली ठेवायची. डायरीत नोंद करायची. आठ दिवसांत कोणी दुरुस्त केली नाही, तर आपणच करायची. दाक्षिणात्य संगीत शिकवणाऱ्या बाईंसाठी एका रागात एक स्वर जास्तीचा, रेल्वेतल्या माणसासाठी एक चुकीचं जंक्शन. माणसं सुधारायची, खूश व्हायची आणि राहायची. संस्था माझ्यावर प्रसन्न होती. दुसऱ्या शहरांतले समन्वयक मला विचारायचे, तुमची माणसं टिकतात कशी? मी म्हणायचे, आपुलकी.

सरोजाक्का अशाच आल्या. म्हैसूरचं जुनं मराठी घराणं, सरकारी शाळेत कन्नडमधून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कार्यशाळेच्या अर्जावर त्यांनी 'गणित' असं लिहिलं होतं, तेव्हा त्या यायच्या आदल्या दिवशी मी चक्रीय चौकोनाच्या पानावर लिहून ठेवलं, की त्याचे समोरासमोरचे कोन सारखे असतात. अक्कांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, पिशवीतून कागद काढून आकृती काढली आणि म्हणाल्या, "सारखे कसे असतील हो? बेरीज एकशे ऐंशी. एवढं मोठं पुस्तक, कोणी बघितलंच नाही अल्वा, नाही का?"

त्यांनी ती ओळ सुधारली. पानाची छापील प्रत मागून घेतली आणि घरी टेबलाच्या काचेखाली ठेवली. त्यानंतर त्या रोज सकाळी दोन तास लिहायच्या. त्यांना मराठी संज्ञा येत नव्हत्या, त्या शोधून शिकल्या. भूमितीची पानंच्या पानं एकटीने उभी केली. कोणी भेटायला आलं, की काचेखालचा कागद दाखवायच्या, जगात कोणाला दिसलेली नव्हती ती चूक मला दिसली म्हणून. मी दोनदा तिथे हजर होते. दोन्ही वेळा मी चहा घेत राहिले.

आता मंडी मोहल्ल्यातल्या वाचनालयाकडे येते, कारण घोडं तिथे अडलं.

मराठी मंडळींचं ते जुनं वाचनालय. त्याची जागा कोणी दिली ते तिथल्याच एका छापील अहवालात होतं: नरसिंगराव नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याने. त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटराव हे नामांकित वकील, त्यांचं नाव गावात पुष्कळ ठिकाणी आहे. नरसिंगरावांचं एवढ्याच ठिकाणी. अहवाल वाचून वाचनालयाचं पान मी नीट लिहिलं. मग वाचनालयातल्या जुन्या सभासदांना लिहितं करावं म्हणून एक दिवस नरसिंगरावांच्या जागी व्यंकटराव केलं. मला वाटलं, चार म्हातारे काठी आपटत येतील. कोणी आलं नाही. ते सगळे वर्तमानपत्र वाचत होते. तेवढ्यात नाशिकला आईचं ऑपरेशन निघालं, मी महिनाभर तिकडे राहिले, परत आले तेव्हा डायरीची पानं उलटली होती. आठ दिवसांचा नियम मी विसरले. सरोजाक्का कार्यशाळेला आल्या त्या यानंतर.

पुढे वर्षभराने वाचनालयाची डागडुजी निघाली. रंगकामाच्या वेळी कपाटातले जुने कागद रद्दीत गेले, त्यात तो अहवालही गेला. स्मरणिका छापायची म्हणून सेक्रेटरी कुलकर्णींनी माहिती कुठून घ्यावी? आमच्या ज्ञानकोशातून घेतली. स्मरणिका छापून आली, तशी आमच्याच एका उत्साही स्वयंसेवकाने तिचा संदर्भ त्या पानाला जोडला. म्हणजे माझी थाप आता छापील पुराव्यावर उभी होती. नूतनीकरणाच्या समारंभाला दारावर दगडी फलक लावायचा, त्यावर जागा देणाऱ्याचं नाव कोरायचं, असंही ठरलं.

सरोजाक्का स्मरणिका घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा मला कळलं की नरसिंगराव त्यांचे आजोबा.

त्या आधी सगळीकडे जाऊन आल्या होत्या. कुलकर्णी म्हणाले, तुमच्याच लोकांनी इंटरनेटवर लिहिलंय, आता दगड कोरायला गेला. म्हणून अक्कांनी पानावर नाव सुधारलं, तर पुण्याच्या एका दक्ष स्वयंसेवकाने तासाभरात तो बदल उलटवला. कारण दिलं: छापील संदर्भ वेगळं सांगतो, शिवाय आपण नातेवाईक दिसता. नियमाने तो बरोबर होता. नात्यातल्या माणसाविषयी लिहू नये, आणि पुराव्याशिवाय तर नाहीच, हे अक्कांना मीच शिकवलं होतं.

त्या रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "घर विकलं, दुकान गेलं, फोटो पण नाही त्यांचा. हे एकच काम होतं माणसाच्या नावावर. शनिवारी दगड कोरणार. मला नियम मोडायचा नाही मॅडम. नियमात कसं करायचं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, बघते.

नियमात कसं करायचं ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. पानाचा इतिहास उघडायचा. तिथे माझं पहिलं लिखाण होतं, नरसिंगरावांचं नाव आणि अहवालाचा पान क्रमांकासकट दाखला. अहवाल जगातून गेला होता, पण त्यात काय होतं याची साक्ष तिथे शिल्लक होती. आणि त्याच्या वरच्याच ओळीत दुसरी साक्ष होती, की ते नाव पुसून दुसरं कोणी घातलं. आजोबांचा पुरावा आणि माझ्याविरुद्धचा पुरावा एकाच ठिकाणी होता, एकावर एक. एक दाखवायचा तर दुसरा झाकता येत नव्हता.

तो सोमवार होता. मंगळवारी आणि बुधवारी मी मंडी मोहल्ल्यातली रद्दीची दुकानं पालथी घातली. अहवाल सापडला असता तर तो अक्कांच्या हातात देऊन, सुटले म्हणाले असते. दुकानदारांना वाटलं, बाईचा शाळेचा दाखला हरवलाय. त्यांनी मनापासून मदत केली, एकाने तर मला स्टूल देऊन गठ्ठे सोडून दिले. काही मिळालं नाही. गुरुवारी मी नुसती घरी बसले. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते. नोकरीची वाटत होती, पण त्याहून जास्त त्या टेबलावरच्या काचेची वाटत होती.

शुक्रवारी दुपारी लॅपटॉप घेऊन सरोजाक्कांकडे गेले. त्यांनी कॉफी टाकते म्हटलं, मी नको म्हटलं आणि टेबलाशी बसून इतिहास उघडला.

"तुमच्या आजोबांचं नाव मी काढलंय," मी म्हणाले. "मुद्दाम."

त्यांनी चष्मा घातला. स्क्रीनवर दोन ओळी शेजारी शेजारी होत्या, डावीकडे नरसिंगराव, उजवीकडे व्यंकटराव, वर माझं नाव. गणिताची वही तपासावी तशा त्या दोन्ही ओळी त्यांनी बोट ठेवून वाचल्या. मग विचारलं, "का?"

मी सगळं सांगितलं. देसाई, चुका, डायरी, आठ दिवसांचा नियम, नाशिक. माझं संपल्यावर त्यांची नजर हळूहळू टेबलाच्या काचेवर आली आणि मला कळलं की आता ते होणार.

"हे पण?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्यासाठी ठेवलेलं?"

"हो. तुमच्या अर्जावर गणित लिहिलं होतं."

त्यांनी काच एका बाजूने उचलली, तो कागद काढला, चार घड्या केल्या आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. परत आल्या तेव्हा पायात चपला होत्या. "सरी," त्या म्हणाल्या. "आधी दगडाचं बघू. आमेले बाकीचं."

कुलकर्णींना समजायला अर्धा तास लागला, कारण कोणी आपणहून असं करेल हे त्यांना पटेना. पटल्यावर त्यांनी कोरणाऱ्याला फोन लावला. दगडावर आराखडा काढून झाला होता, छिन्नी लागायची होती. नाव बदललं. समारंभ झाला, फलक लागला. मला बोलावणं नव्हतं, मी गेलेही नाही.

त्याच शनिवारी ज्ञानकोशाच्या चर्चापानावर मी डायरीतली सगळी यादी टाकली, कुठे, केव्हा, कोणासाठी. पुढे आठवडाभर माझ्यावर जी चर्चा झाली, ती वाचायला मी बसायचे आणि उठायचे. पुण्याच्या त्या दक्ष स्वयंसेवकाने लिहिलं, की यादीतली प्रत्येक चूक दुरुस्त झाली असली तरी आता यांच्या कोणत्याच वाक्यावर विश्वास कसा ठेवायचा? वर्षभर मला लिहायला बंदी झाली. संस्थेने सभ्य भाषेत राजीनामा मागितला, मी दिला. काही माणसं सोडून गेली. संगीताच्या बाईंनी मला एक लांब पत्र पाठवलं, ते मी पूर्ण वाचू शकले नाही. देसाईंनी हुणसूरहून फोन करून एवढंच विचारलं, माझी तंबाखूची चूक पण ठेवलेली होती का? मी म्हटलं, नाही हो, ती माझ्या अज्ञानाची. ते म्हणाले, मला वाटलंच होतं, आणि समाधानाने फोन ठेवला.

माझं मत विचाराल तर मला अजूनही वाटतं, त्या चुकांनी जेवढी माणसं आणली तेवढी माझ्या कुठल्या भाषणाने आणली नसती. पण ती माणसं स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन आली होती, आणि ती हुशारी मी आधी मांडून ठेवलेली होती. याची मला लाज वाटायला एक दगड कोरायला जावा लागला, याचं वाईट वाटतं.

सरोजाक्का माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. लिहायच्याही बंद झाल्या, असं मला वाटलं. बंदी असली तरी वाचायला मनाई नव्हती, म्हणून सकाळच्या चहाबरोबर मी ज्ञानकोशातले ताजे बदल बघत बसायचे. एक दिवस त्यात त्यांचं नाव दिसलं. मी लिहिलेल्या एका पानाच्या चर्चेत त्यांनी एक शब्द टाकला होता: 'तपासलं.' दुसऱ्या दिवशी दुसरं पान, 'तपासलं.' मग लक्षात आलं, की त्या माझं बारा वर्षांचं लिखाण पहिल्यापासून, क्रमाने तपासत होत्या. माझ्या यादीवर त्यांचा भरवसा नव्हता. जी बाई एक चूक दुरुस्त करायला विसरली ती आणखी विसरली नसेल कशावरून, हा हिशोब शिक्षिकेला शोभणाराच होता. रोज एक पान. कधी तक्रार नाही, कधी शेरा नाही. ते रोज सकाळी माझ्या मनाला लागायचं, आणि तरी मी रोज उघडायचे.

गेल्या महिन्यात त्या तलकाडच्या पानावर पोचल्या. वाळूत गाडल्या गेलेल्या देवळांचं गाव, आम्ही म्हैसूरला आल्या आल्या सहलीला गेलो होतो, परतल्यावर मी लिहिलं होतं, की हे कावेरीच्या उजव्या तीरावर आहे. अक्कांनी ते 'डाव्या' केलं होतं. शेजारी कारण लिहायच्या जागेत, पहिल्यांदाच, एकापेक्षा जास्त शब्द होते: 'पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं. ही चूक ठेवलेली नाही. झालेली आहे.'

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

दुपारी त्यांचा फोन आला. वर्षात पहिल्यांदा. नमस्कार वगैरे काही नाही.

"घरी सुम्ने, रिकामीच बसलीस ना? ये इकडे. पुष्कळ पानं राहिलीत, मला एकटीला होत नाही. मशीनला हात मी लावणार. तू शेजारी बसायचं आणि एकेक ओळ बघून सांगायचं, कुठली ठेवलेली, कुठली झालेली."